लगाम आधी मनाला



लगाम, रिकीब, चाबूक, जीन, नाल. हे पाच शब्द मोठ्याने वाचा पाहू. तुम्ही म्हणाल, "टीचर, हे तर आमच्या उर्दूतले शब्द!" अगदी बरोबर. पण ते तितकेच मराठीचेही आहेत. शेकडो वर्षांपूर्वी घोड्यांच्या पाठीवर बसूनच जणू ते महाराष्ट्रात आले आणि इथलेच होऊन राहिले. शिवाजी महाराजांच्या फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणाऱ्या स्वाराला शिलेदार म्हणत आणि सरकारी घोड्यावर बसणाऱ्याला बारगीर. आजही अडचण आली की मराठी माणूस म्हणतो, "इथेच तर घोडं पेंड खातं!" मग त्याने जन्मात घोड्याला हात लावलेला नसला तरी चालते.

मीही अशीच होते. वयाची तेहतीस वर्षे होईपर्यंत मी घोड्याला हात लावला नव्हता. खरे तर मला घोड्याची भीती वाटायची. आणि गंमत पाहा, माझे आजोबा टांगेवाले होते!

आजोबांना आम्ही दादाजान म्हणत असू. ते कल्याण स्टेशनबाहेर टांगा चालवत. माझ्या जन्माआधीच त्यांनी टांगा विकला होता. आमच्या घरी त्याची एकच आठवण उरली होती, ती म्हणजे घुंगरांचा एक पट्टा. त्यांच्या घोडीचे नाव बिजली होते. दादाजान सांगत, "मी रोज पहाटे नळावर तोंड धुवायचो. मग बिजलीच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ नुसता उभा राहायचो. त्यानंतरच तिला टांग्याला जुंपायचो." मी विचारी, "उभे कशाला राहायचे?" ते हसून म्हणत, "एकदा मी घरात भांडून, रागारागात तिला जुंपली. मी एक शब्द बोललो नाही, चाबूकही उगारला नाही. पण त्या दिवशी ती रस्ताभर बुजत राहिली. बेटा, घोडीला आपला राग हातातून कळतो."

मला वाटे, म्हाताऱ्या माणसांच्या या गोष्टी! पुढे मी बी.एड. केले, शाळेत मराठी शिकवू लागले आणि ती गोष्ट विसरूनही गेले.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगताना मला लाज वाटते, पण सांगितली पाहिजे. माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याला 'ळ' म्हणता येत नसे. 'बाळ' ऐवजी तो 'बाल' म्हणे, 'फळा' ऐवजी 'फला'. उर्दूत हा आवाजच नाही, तेव्हा त्यात त्याचा काय दोष? पण मला अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई असे. तो वाचायला उभा राहिला की मी घड्याळाकडे पाही, बोटांनी टेबलावर टकटक करी. तो अडखळे. वर्ग हसे. मी म्हणे, "चल, चल, पुढे!" मग तो आणखीच अडखळे. मी त्याला कधी मारले नाही, कधी वाईट शब्द बोलले नाही. म्हणून मी स्वतःला चांगली शिक्षिका समजत होते.

एके दिवशी हजेरी तपासताना माझ्या ध्यानात आले, की हा मुलगा शाळेत रोज येतो. गणिताच्या तासाला असतो, विज्ञानाच्या तासाला असतो. फक्त मराठीच्या तासाला नसतो. मी त्याला बोलावून विचारले. त्याने मान खाली घातली आणि तो हळूच म्हणाला, "टीचर, तुम्ही समोर असलात की माझी जीभच उचलत नाही."

त्यानंतर आठवड्याभरातच आमची सहल माथेरानला गेली.

कल्याणहून कर्जत लोकल पकडली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी अशी स्टेशने मागे पडतात आणि नेरळ येते. तिथून डोंगर चढला की माथेरान. आज हे गाव रायगड जिल्ह्यात आहे. पण 1850 साली ते शोधून काढले, ते ठाण्याचे त्या वेळचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी. नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी 1907 साली सुरू झाली. ती अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. माथेरानमध्ये खाजगी मोटारींना बंदी आहे. त्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे लाल मातीची वाट, गर्द झाडी आणि घोडे. आता तिथे ई-रिक्षाही आल्या आहेत, पण घोड्यांची टापटाप अजून ऐकू येते.

मुलींनी हट्ट धरला, "टीचर, तुम्हीही बसा ना!" दहा-बारा मुलींसमोर भीती वाटते म्हणून सांगायचे कसे? मी हेल्मेट घातले आणि बसले. घोडा तपकिरी रंगाचा होता, गरीब दिसत होता. घोडेवाले चाचा लगाम धरून बाजूला उभे होते. पण मी पाठीवर बसताच घोडा कान मागेपुढे फिरवू लागला. दोन पावले गेला आणि मान झटकू लागला. मी घाबरून लगाम खेचला आणि दोन्ही पायांनी त्याचे पोट घट्ट आवळले. तो थांबेना. उलट जागच्या जागी नाचू लागला.

चाचा शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही त्याला हाताने सांगताय थांब आणि पायाने सांगताय पळ. त्या बिचाऱ्याने ऐकायचे कुणाचे?"

मित्रांनो, हे अगदी खरे आहे. घोड्याला पोटावर पायांचा दाब म्हणजे पुढे चालण्याची खूण आणि लगामाची ओढ म्हणजे थांबण्याची खूण. घाबरलेला माणूस नकळत दोन्ही खुणा एकदम करतो. मग तोल जाईल या भीतीने आणखी आवळतो. घोडा आणखी बिथरतो. इथेच तर घोडं पेंड खातं!

"मग काय करू?" मी विचारले.

"काही करू नका," चाचा म्हणाले. "आधी श्वास सोडा. घेऊ नका, सोडा. खांदे सैल सोडा. टाच खाली दाबा. आणि घोड्याच्या कानांकडे बघू नका. ते समोरचे जांभळाचे झाड दिसते ना? तिकडे बघा. आता त्याची पावले मोजा."

मी मोजू लागले. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. साध्या चालीत घोड्याचे चारही खूर एकामागून एक पडतात, म्हणून चार ठोके ऐकू येतात. दुडक्या चालीत दोन ठोके पडतात आणि त्याहून वेगाच्या चालीत तीन. त्या दिवशी मला एवढेच कळत होते, की पावले मोजताना पडण्याचा विचार करायला मनात जागाच उरत नाही. मन एकदा भटकले, "मुली हसत असतील का?" तेवढ्यात मोजणी चुकली. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली. थोड्या वेळाने घोड्याने मान खाली सोडली, ओठ चाटले आणि तो संथ चालू लागला. चाचांनी लगाम धरलेलाच होता, पण त्यांना तो ओढावा लागला नाही. जांभळाच्या झाडापाशी पोहोचलो तेव्हा मला दादाजानचे शब्द आठवले. "घोडीला आपला राग हातातून कळतो." भीतीही कळते, घाईही कळते.

घरी आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. तुम्हांला ठाऊक आहे का, घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात? त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. फक्त नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग दिसत नाही. रानात तो वाघसिंहांची शिकार होता. म्हणून कळपात एकाचे अंग ताठरले की बाकीचे लगेच सावध होतात. पाठीवर बसलेला माणूस ताठरला, तरी त्याला वाटते, "काहीतरी धोका आहे!"

स्वीडनमध्ये संशोधकांनी याची एक छान परीक्षा घेतली. ती 2009 साली प्रसिद्ध झाली. 37 हौशी माणसे आणि 27 घोडे त्यांनी निवडले. कुणी घोड्यावर बसून, तर कुणी त्याला हाताने धरून 30 मीटरचे अंतर चार वेळा चालायचे होते. चौथ्या खेपेआधी माणसाला सांगितले, की या वेळी वाटेत उभा असलेला मदतनीस एकदम छत्री उघडणार आहे. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही! तरीही त्या खेपेला माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीबद्दल कुणीच काही सांगितले नव्हते. त्याला फक्त माणसाची भीती पोहोचली होती.

ही गोष्ट जुन्या लोकांनाही माहीत होती. सुमारे 2400 वर्षांपूर्वी ग्रीस देशात झेनोफोन नावाच्या सेनानीने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिले. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, असे त्याने त्यात बजावले आहे. अमेरिकेतील सॅली स्विफ्ट या शिक्षिकेने 1985 साली पुस्तक लिहून नजर मोकळी ठेवणे, श्वासाकडे लक्ष देणे आणि अंगाचा तोल मध्यावर आणणे, या गोष्टी घोडेस्वारांना शिकवल्या. आमच्या चाचांनी तिचे नाव ऐकलेले नसणार. पण धडा तोच होता!

आपल्या देशातही या विद्येत पारंगत झालेले लोक आहेत. मुंबईचे इम्तियाज अनीस हे 2000 साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे घोडेस्वारीत उतरले. 2023 साली चीनमधील हांगचौ येथे आशियाई स्पर्धा झाल्या. तिथे सुदीप्ती हाजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा या चौघांनी ड्रेसाज या प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारीतले भारताचे हे 41 वर्षांनंतरचे सुवर्णपदक होते. ड्रेसाजमध्ये शर्यत नसते. घोड्याने ठरलेल्या चाली सफाईने करून दाखवायच्या असतात. स्वाराने केलेल्या खुणा पाहणाऱ्याला जवळजवळ दिसूही नयेत, इतक्या त्या हलक्या असाव्या लागतात. ज्याचे मन स्थिर नाही, त्याची खूण हलकी कशी होणार?

त्यानंतर मी आणखी तीन रविवार माथेरानला गेले. मी काही मोठी घोडेस्वार झाले नाही. अजूनही बसताना पहिल्या क्षणी पोटात गोळा येतो. पण आता मी त्याच्याशी भांडत नाही. "बरे, भीती आली आहे," असे मनाशी म्हणते, श्वास सोडते आणि पावले मोजते.

आणि वर्गात? सहलीनंतरच्या सोमवारी मी दारात थांबले. त्याआधी तोंड धुतले होते, दादाजान धूत तसे. दोन श्वास सोडले. घड्याळ काढून पर्समध्ये ठेवले. त्या मुलाला मी निरोप पाठवला होता, "आज तासाला ये. मी तुला वाचायला सांगणार नाही." तो आला आणि शेवटच्या बाकावर बसला. मी सर्वांसमोर सांगितले, की मी घोड्यावर कशी घाबरले आणि घोडा माझ्यामुळे कसा बिथरला. वर्ग खूप हसला. या वेळी तो माझ्यावर हसला. तोही हसला.

पुढच्या आठवड्यात त्याने स्वतःच हात वर केला. पहिल्याच ओळीत 'सकाळी' हा शब्द आला. तो थांबला. माझी बोटे टेबलाकडे निघाली होती, ती मी आवरली. खांदे सैल सोडले आणि मनात मोजू लागले. एक, दोन, तीन, चार. वर्गात कुणी बोलले नाही. मग तो म्हणाला, "सकाली... सकाळी." अगदी नीट 'ळ' नव्हता तो. पण तो थांबला नाही, पुढे वाचत गेला. त्या महिन्यात मराठीच्या तासाला त्याची हजेरी एकदाही चुकली नाही.

मित्रांनो, मराठीत आपण ज्याला 'लक्ष' म्हणतो, त्याला तुम्ही उर्दूत 'तवज्जोह' म्हणता. नमाजला उभे राहिल्यावरही मन बाजारात भटकून येते, हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक नाही? भटकणे हा मनाचा स्वभावच आहे. ते भटकले म्हणून त्याच्यावर चिडायचे नसते. लगाम हलकेच आपल्याकडे घ्यायचा आणि पुन्हा एकपासून मोजायचे.

तुम्हांला घोड्यावर बसण्याची संधी मिळेल तेव्हा जरूर बसा. मात्र हेल्मेट घातल्याशिवाय आणि जाणते माणूस जवळ असल्याशिवाय बसू नका. तोपर्यंत परीक्षेचा पेपर हातात आला, वर्गात वाचायची पाळी आली किंवा धाकट्या भावाला गणित समजेना, तर आधी एक श्वास सोडून पाहा.

आणि तुमच्या बाई किंवा सर घाईत असतील, टेबलावर टकटक करत असतील, तर धीर करून त्यांना खरे सांगा. एका मुलाने मला सांगितले होते. त्याचे उपकार मी विसरलेले नाही.