बोटभर कोळ

मूत्राशयाचं दुखणं चारचौघांत सांगणं अवघड. गुडघा दुखतो म्हटलं की दहा जण तेल सुचवतात. लघवीचं नाव काढलं की नजर चुकवतात. म्हणून सेलूला एका साखरपुड्यात मी एवढंच सांगितलं होतं की माझ्यापुरती वाटीभर आमटी बिनतिखटाची, बिनचिंचेची काढून ठेवा. सासूबाईंनी काढली. आणि मग तिच्यात हळूच चिंचेचा कोळ घातला.

आधीचं थोडक्यात सांगते. सारखी कळ, जळजळ, रात्री उठबस. परभणीच्या उन्हात उन्हाळी लागणं कुणाला नवीन नाही, त्यामुळे जो तो लिंबू सरबत पाजायचा, आणि ते प्यायलं की माझी जळजळ दुप्पट. अँटिबायोटिकचे कोर्स झाले, लघवीचं कल्चर दरवेळी स्वच्छ आलं. एका डॉक्टरांनी 'फार मनाला लावून घेता' असंही ऐकवलं. शेवटी संभाजीनगरला दुर्बिणीने तपासणी झाली आणि नाव कळलं, इंटरस्टिशियल सिस्टायटिस. यात जंतू सापडत नाहीत, पण मूत्राशय हुळहुळं झालेलं असतं. गाय हनर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी बायकांच्या मूत्राशयातल्या अशा व्रणांवर 1915 साली लिहिलं होतं. शंभर वर्षं उलटली, तरी आमच्याकडे औषध लिंबू सरबतच.

पथ्याचा कागद मिळाला. चहा, कॉफी, लिंबू, टोमॅटो, मिरची, सोड्याची पेयं बंद. ब्लूबेरी चालेल म्हणे! अंबाडी, ठेचा, येसर यांचं त्या कागदावर नावच नाही. मग एकेक पदार्थ आठवडाभर सोडायचा, पुन्हा थोडा खाऊन बघायचा आणि वहीत टिपायचं, असं सुरू केलं. ज्वारीची भाकरी निर्धोक निघाली. भेंडीत आमसूल घालणं बंद केलं. आता भेंडी धुतल्यावर पुसून कोरडी करायची, कढईवर झाकण ठेवायचं नाही, मीठ अगदी शेवटी, की चिकट होत नाही. टोमॅटोच्या जागी लाल भोपळा शिजवून घोटला, रस्सा दाट झाला. ठेच्याच्या जागी शेंगदाण्याचं कूट, लसूण, जिरं. सकाळचा चहा मात्र सुटता सुटेना. गवती चहा दुधात उकळून पिते, पण त्याला चहा म्हणवत नाही.

राहिली येसर आमटी. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरं, खोबरं खमंग भाजून दळायचं, मिरची वगळायची. असा वेगळा डबा सासूबाईंनीच मला करून दिला होता. म्हणून तर राग जास्त.

पंगतीत पहिला घोट घेतला आणि जिभेला कळलं. मी वर पाहिलं. त्या वाढता वाढता म्हणाल्या, "बोटभर कोळ घातला गं. एवढ्याशानं काय होतंय? पांचट आमटी पाहुण्यांसमोर कशी वाढावी?" म्हटलं, "आत्याबाई, ती पाहुण्यांना नव्हती, मला होती." त्यावर शेजारची एक बाई, "आजकालच्या पोरींना सगळंच बाधतं." दुसरी, "आम्ही बाळंतपणातही ठेचा खाल्ला." मी काय सांगणार? माझ्याकडे दाखवायला ना ताप, ना सूज. पथ्य मधुमेहाचं असतं तर कुणी गुपचूप साखर घातली नसती. घातलीही असती म्हणा; आमच्याकडे आग्रहापुढे कुठला आजार टिकतो?

आणि खरं सांगू? ती वाटी मी संपवली. कितीतरी दिवसांनी जेवण जेवणासारखं लागलं होतं. परतीच्या प्रवासात मानवतच्या अलीकडे गाडी थांबवावी लागली, पुढे परभणीपर्यंत पुन्हा पुन्हा. आडोसा शोधणारी बाई आणि हॉर्न वाजवणारे ट्रक, यावर काय लिहायचं? रात्रभर कळा. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला, चौकशीचा. कोळाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

ज्यांना असं दुखणं असेल त्यांनी कल्चर स्वच्छ येत असताना गोळ्यांमागून गोळ्या घेत बसू नये, मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवावं. ताप आला, लघवीतून रक्त गेलं तर घरगुती प्रयोग नकोतच. उन्हाळ्यात घोट घोट पाणी पीत राहावं. जावं लागेल म्हणून पाणी तोडलं की लघवी घट्ट होते आणि जास्त झोंबते. माझं पथ्य जसंच्या तसं उचलू नका, एकीला दही चालतं, दुसरीला नाही.

बाकी, चिंचेशिवाय येसर आमटी होते. पोटभर होते, बाधत नाही, मी रोज करते. पण ती तितकीच चांगली लागते, असं मला कुणी सांगू नये.