खळ्यावरून आलेले क्रियापद

इंग्रजी-मराठी कोश करणाऱ्याच्या टेबलावर ‘व्हेंटिलेट’ हे क्रियापद आले की हात आपसूक ठरलेल्या वाटेने जातो. पहिला अर्थ : खोलीत हवा खेळती ठेवणे. दुसरा : एखाद्या प्रश्नाची उघड चर्चा करणे, आणि त्याच्यामागे ‘ला.’, म्हणजे लाक्षणिक. मांडणी पटण्यासारखी आहे. कोंदटलेल्या खोलीची खिडकी उघडावी तसा दडपलेला विषय उघड्यावर आणायचा, इतके सोपे. माझी तक्रार त्या एका ‘ला.’पुरतीच आहे. कोशातली खूण शोभेसाठी नसते, ती एक विधान करत असते. इथे ती सांगते, की खोलीचा अर्थ आधीचा आणि चर्चेचा त्यातून निघालेला. हे विधान चुकीचे आहे.

लॅटिनमध्ये ‘व्हेंटुस’ म्हणजे वारा. त्यावरून आलेल्या ‘व्हेंटिलारे’चे अर्थ हवेत हलवणे, उडवणे, वारा घालणे असे आहेत, आणि शेतकऱ्याच्या तोंडी, उपणणे. कोलुमेलाच्या शेतीवरच्या ग्रंथात ‘व्हेंटिलाटोर’ हे कुठले यंत्र नाही, तो धान्य उपणणारा माणूस आहे. लॅटिन बायबलमध्ये मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात येणारे ‘व्हेंटिलाब्रुम’ हे उपणण्याचे लाकडी फावडे. पुढे कायद्याच्या आणि चर्चच्या लॅटिनने हाच शब्द वादाच्या तपासणीला लावला. इंग्रजीत तो पंधराव्या शतकात आला, सोळाव्या शतकापासून ‘चर्चेने पारखणे’ या अर्थी चालू लागला, आणि खोलीत ताजी हवा आणण्यासाठी रुळला तो अठराव्या शतकात. चर्चेचा अर्थ वयाने थोरला आहे, मग त्याला खोलीच्या अर्थाचे लेकरू कसे ठरवायचे? इंग्रजीच्या घरातही वारा आणि धान्य यांची अशीच जोडी आहे. उपणण्याला तिथे ‘विनो’ म्हणतात, आणि तो शब्द ‘विंड’वरूनच आला आहे. ‘फॅन’ हा लॅटिन ‘व्हान्नुस’पासून आला, म्हणजे उपणण्याची टोपली. आपल्या छताला गरगरणारा पंखा इंग्रजीच्या हिशेबाने मुळात सूप आहे, हे एकदा लक्षात आले की सहजी विसरता येत नाही.

खळ्यावरचे काम नीट पाहिले तर हा अर्थ हाताला लागतो. वावडीवर, म्हणजे उपणण्याच्या उंच तिवईवर, उभे राहायचे, मळणी झालेला माल सुपात घेऊन ते डोक्याच्या वर धरायचे, आणि हलके हलके हलवत धार सोडायची. दाणा जड, तो सरळ पायाशी पडतो आणि त्याची रास होते. भुसा वाऱ्याबरोबर पुढे जातो. वारा पडला की काम थांबते. यात क्रिया दोन आहेत. उधळणे ही त्यातली अर्धी, वेगळे होणे ही खरी. जुन्या इंग्रजीत एखादा प्रश्न ‘व्हेंटिलेट’ करत तेव्हा दुसरी क्रियाही अभिप्रेत असे : वाद हवेवर सोडायचा तो फोलपट उडून जावे म्हणून. याला मराठीत अगदी नेमका शब्द तयार आहे, ऊहापोह. ऊह म्हणजे तर्क लढवणे, अपोह म्हणजे नको ते बाजूला सारणे. ‘उघड चर्चा’ या गुळमुळीत जोडीपेक्षा तो कितीतरी सरस आहे.

खोलीचा अर्थ रुजवण्यात इंग्लंडमधल्या टेडिंग्टनचे धर्मगुरू स्टीफन हेल्स यांचा मोठा वाटा. त्यांचे ‘व्हेंटिलेटर’वरचे पुस्तक 1743 सालचे. त्यांचे यंत्र म्हणजे मोठाल्या लाकडी पेट्या, आत बिजागरीवर खालीवर होणारी फळी आणि एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा. थोडक्यात, प्रचंड भाता. तुरुंग, इस्पितळे, खाणी आणि जहाजे यांतली दूषित हवा काढून ताजी आत घालणे हे त्याचे काम. पण त्याच पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकात कोठारातले धान्य कोरडे आणि किडीवाचून ठेवण्याचाही उपयोग सांगितला आहे. शब्द खळ्यातून निघाला तरी धान्याने त्याची पाठ सोडली नाही! 1750 मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात तुरुंगतापाची साथ शिरली. लॉर्ड मेयर आणि न्यायाधीशही दगावले. त्यानंतर न्यूगेट तुरुंगाच्या छपरावर पवनचक्कीने चालणारे व्हेंटिलेटर बसले. तो ताप कुबट हवेचा नव्हता, उवांमुळे पसरणारा होता, हे फ्रेंच वैज्ञानिक शार्ल निकोल यांनी 1909 मध्ये दाखवले. निदान चुकले, पण तोवर शब्दाला नवे घर मिळाले होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. मान्यच आहे. आज इंग्रजी बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खळे येत नाही, खिडकी येते; म्हणून वापरात जास्त असलेला अर्थ आधी द्यावा, त्यालाही माझी हरकत नाही. क्रम वापराने ठरतो. पण ‘ला.’ ही खूण नाते सांगते, आणि नाते इतिहासानेच ठरवावे लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चर्चेचा अर्थ उपणण्यावरून आला, म्हणजे लाक्षणिकच झाला ना? झाला, पण लॅटिनमध्ये. इंग्रजीने तो तयार उचलला. शिवाय ज्या मूळ अर्थाची ही लक्षणा, तो आपल्या नोंदीत नसेल तर वाचक ती शेजारच्या खोलीला जोडणार. तिसरे म्हणणे असे, की आता त्या शब्दात पारख उरलीच कुठे? हे मात्र अर्धे खरे आहे. आपल्याकडच्या न्यायालयीन इंग्रजीत अर्जदार गाऱ्हाणे ‘व्हेंटिलेट’ करतो तेव्हा तो काही निवडत नाही, फक्त मांडतो. इथे शेजारच्या ‘व्हेंट’ची, म्हणजे कोंडलेले बाहेर सोडण्याची, छाया पडलेली दिसते. या वापराला ऊहापोह शोभणार नाही. इथे ‘गाऱ्हाणे मांडणे’ किंवा ‘दाद मागणे’ हवे. एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या इंग्रजी भाषणाचा अनुवादक आणि आजच्या निकालपत्राचा अनुवादक, दोघांना एकाच ओळीत गुंडाळले की दोघेही फसतात. जागा कमी पडते ही सबब चालणार नाही. सारा फरक एका जादा ओळीचा आहे.

तेव्हा नोंद अशी असावी : हवा खेळती ठेवणे, ऊहापोह करणे, छाननी करणे, गाऱ्हाणे किंवा भावना मोकळेपणाने मांडणे, आणि शेवटी, जुना अर्थ म्हणून, उपणणे. ‘ला.’ कुठेच नको.