पेजेची वेळ

गोव्यातल्या डिचोलीत आमची आजी अकराच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज घ्यायची, सोबत तोरांचे, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचे, लोणचे. कामे कितीही असोत, ती पेजेला बसायचीच. स्वतःला जपणे मी तिच्याकडूनच शिकले. जपणे म्हणजे औषधोपचार टाळणे नव्हे; डिसेंबर २०२२ मध्ये पेडण्यातल्या धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले, याचा आनंद आहेच. दुखण्याला वैद्य हवाच. पण रोजच्या भुकेची, झोपेची विचारपूस आपणच करायची असते. घरोघरच्या बायका सगळ्यांना वाढून उरलेले खातात, ताप अंगावर काढतात, याचा मला फार राग येतो. हल्ली संध्याकाळी मयेच्या तळ्याकाठी चालते, फोन घरी ठेवून. उद्या रक्तदाब तपासायला वहिनीलाही नेणार आहे. ती ‘वेळ नाही’ म्हणाली तरी.