चातुर्मासात ड्रॅक्युला

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हे वाक्य मी आयुष्यभर दिवसाउजेडी, मोठ्या आवाजात म्हणत आलो आहे. गेल्या वर्षी श्रावणात मात्र एका रात्री साडेबारा वाजता मी अंथरुणातून उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि फडताळात लसूण शोधू लागलो. लसूण नव्हता. कसा असणार? आमच्याकडे चातुर्मास पाळतात. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांद्या-लसणाला घरात मज्जाव! एखाद्या रक्तपिपासू सरदाराने आमच्याकडे यायचे मनात आणलेच, तर त्याला चार महिने मैदान मोकळे आहे, हा शोध मला त्या रात्री लागला.

याला कारण एक पुस्तक. आणि ते पुस्तक हाती यायला कारण माझा एक खोटेपणा.

जिना चढताना छातीत भरून येई, म्हणून त्या सोमवारी मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी मला ट्रेडमिलवर चालवले, कागदाची लांबलचक पट्टी न्याहाळली आणि म्हणाले, "अँजिओग्राफी करावी लागेल. लवकर करा. येताना घरच्या कुणाला तरी बरोबर आणा." घरी आल्यावर हिने विचारले, "काय म्हणाले?"

"काही नाही. वयोमान. रोज चालायला जा म्हणाले."

हिला उगाच काळजी कशाला? फाईल मी पुस्तकांच्या कपाटात मागच्या रांगेत दडवली. ती दडवताना पुढे आला 'ड्रॅक्युला'. चाळीस वर्षांपूर्वी मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेली प्रत, पाने पिवळी पडलेली. झोप येणार नव्हतीच, म्हटले, वाचू.

हा ब्रॅम स्टोकर म्हणजे लंडनच्या लायसियम नाटकगृहाचा व्यवस्थापक. ज्या ट्रान्सिल्व्हेनियात त्याने ड्रॅक्युलाचा वाडा उभा केला, तिथे त्याने कधी पाऊलसुद्धा टाकले नव्हते. पण १८९७ साली छापलेली ही कादंबरी अजून माणसाला रात्री दाराची कडी पुन्हा एकदा तपासायला लावते. लेखक स्वतः कुठे बोलतच नाही. नुसत्या रोजनिश्या, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांतली कात्रणे. आपण कुणाचे तरी खाजगी कागद चोरून वाचतो आहोत असे सारखे वाटत राहते. वाड्यात अडकलेला जोनाथन खिडकीतून पाहतो, तर यजमान भिंतीवरून डोके खाली करून पालीसारखा सरपटत उतरतो आहे! मी हे वाचत असताना आमच्या ट्यूबलाइटमागे पाल चुकचुकली. तिचे हे नेहमीचेच. पण त्या रात्री मी पांघरूण पायांपासून गळ्यापर्यंत नीट ओढून घेतले.

पुढे लुसी नावाची मुलगी दिवसेंदिवस फिकी पडत जाते. तिला वाचवायला व्हॅन हेल्सिंग हा डच डॉक्टर येतो. गृहस्थ बोलतो फार. त्याची काही भाषणे मी खुशाल गाळली. तो हार्लेमहून लसणाची फुले मागवतो, खिडक्यांना चोळतो, माळ करून लुसीच्या गळ्यात घालतो. माझी लसणाची शोधमोहीम झाली ती या पानावर.

रिकाम्या हाताने परतून पुढची पाने वाचली, आणि भीतीची जातच बदलली. लुसीच्या आईचे हृदय दुबळे झालेले असते. ती काही महिन्यांचीच सोबती आहे, हे तिला ठाऊक असते. पण मुलीला त्रास नको म्हणून ती ते लुसीला कळू देत नाही. तिच्या हृदयाला धक्का नको म्हणून डॉक्टरही लुसीच्या दुखण्याचे खरे कारण तिला सांगत नाहीत. मग ती माउली रात्री मुलीच्या खोलीत येते. फुलांचा उग्र वास, कोंदट हवा. मायेपोटी ती सगळी फुले बाहेर काढते आणि खिडकी थोडी उघडून ठेवते.

मी दिवा मालवला. कपाटाकडे पाठ करून निजलो.

शुक्रवारी रात्री त्याहून वाईट पान आले. सगळ्यांच्या रोजनिश्या, तारा, टिपणे तारीखवार लावून टाइप करून देणारी ती जोनाथनची बायको मीना. तिच्यामुळे त्या पुरुषांना आपला शत्रू कोण ते कळते. आणि मग ते सगळे मिळून ठरवतात, की बाईमाणसाला यापुढे काही सांगायचे नाही. तिला सोसवणार नाही. तिला निजवून ते शोधाला बाहेर पडतात. इकडे तो तिच्याच खोलीत येतो. जोनाथन परत येतो, बायको जरा फिकी दिसते, आणि हा शहाणा रोजनिशीत लिहितो की हिला यातून वगळले हे बरेच झाले.

मी शेजारी पाहिले. ही जागी होती.

"काय झालं? भ्यालात की काय?"

"हो," मी म्हणालो, आणि कपाटातली फाईल काढून तिच्या हातात दिली.

तिने चष्मा शोधला. सगळे वाचले. "कधी गेला होतात?"

"सोमवारी."

तिने बोटांवर मोजले. रडेल असे मला वाटले होते. तिचा आवाज चढला तो भलत्याच गोष्टीवर. "परवा मी तुम्हाला दळणाचा डबा घेऊन तीन जिने चढायला लावलं! मधे इतका वेळ का थांबलात म्हणून वर बोललेसुद्धा! मला काय करून ठेवत होतात तुम्ही?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या जिन्यावर डबा ठेवून मी कठडा धरून उभा होतो, हेही मग सांगून टाकले. तिने दुधाच्या हिशेबाची वही ओढली, कोरे पान काढले आणि तारीख घालून लिहू लागली. कधीपासून दुखते? कुठे? घाम येतो का? डॉक्टरांना काय काय विचारायचे? पहाटेपर्यंत दोन पाने भरली.

तीन वाहिन्यांत अडथळे निघाले, बायपास झाली, मी हे लिहितो आहे. इस्पितळाच्या बाकावर बसून हिने 'ड्रॅक्युला' संपवला. तिचे मत असे : सगळे काम मीनाने केले, बाकीच्यांनी धावपळ केली, आणि शेवटी त्या सैतानाचा गळा चिरायला जोनाथनच्या हाती आपल्या गुरख्यांची कुकरीच यावी लागली!

कार्तिकी एकादशी उलटल्यावर बाजारातून लसूण आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर पातीसकट गड्ड्यांची एक जुडी निजायच्या खोलीच्या खिडकीला टांगलेली.

"वाळायला टांगलीय," ही म्हणाली.

मी विचारलेही नव्हते.