जप्तीतला स्ट्रायकर

साठी उलटल्यावर माणसाने काय करावे, याविषयी आमच्या घरात मतभेद आहेत. आमच्या सौभाग्यवतींच्या मते त्याने पहाटे शिवाजी पार्काला फेऱ्या माराव्यात. शेजारच्या नानांच्या मते गीतेचा वर्ग लावावा. मी मात्र दोघांनाही न विचारता गेल्या हिवाळ्यात परळच्या एका मंडळाच्या कॅरम साखळी स्पर्धेत नाव घातले आणि घरी येऊन चोरासारखा गप्प बसलो.

कॅरम मला परका नव्हता. लहानपण गिरगावातल्या चाळीत गेले. मे महिन्याच्या सुटीत रात्री गॅलरीत बोर्ड मांडला जाई; वर लोंबता दिवा, भोवती आठ-दहा सल्लागार आणि सगळ्यांचे हात पावडरीने पांढरे. काळी सोंगटी दहा, पांढरी वीस, राणी पन्नास! ज्याला जी सापडेल ती त्याने घ्यावी, असा आमचा सुटसुटीत कायदा.

पण मी नोकरी-संसारात असताना हा खेळ फार पुढे गेला. १९८८ साली चेन्नईत त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ निघाला. १९९६ साली मारिया इरुदयम या खेळाडूला अर्जुन पुरस्कारही मिळाला. स्पर्धेतला कायदा निराळा. नऊ सोंगट्या आपल्या, नऊ समोरच्याच्या. राणी घेतली की लगेच आपली सोंगटी घेऊन ती पक्की करायची, आणि एवढे करून तिचे गुण तीनच! पंचवीस गुण किंवा आठ बोर्ड, जे आधी होईल तिथे गेम संपला. फटका मारायला पंधरा सेकंद. एवढ्या वेळात मला चष्माही नीट बसवता येत नाही.

पहिल्याच सामन्यात समोर नववीतली एक मुलगी बसली. पांढऱ्या सोंगट्या माझ्या होत्या. तिसऱ्या फटक्याला भोकाच्या तोंडाशी एक काळी सोंगटी दिसली आणि गिरगावचा हात आवरला नाही. सोंगटी आत गेली, आणि मी मोठ्याने म्हणालो, "दहा!"

"थँक यू, आजोबा," ती पोर नम्रपणे म्हणाली. पंचांनी रुमाल तोंडाला लावला. मी पंचवीस-चार, पंचवीस-शून्य असा हरलो.

उठताना तिने माझा स्ट्रायकर हातात घेऊन पाहिला. "छान आहे. तुमचाच का?"

"हो," म्हणालो. पण ते खरे नव्हते.

तो आमच्या चिरंजीवांचा. दहावीच्या वर्षी गल्लीतल्या स्पर्धेत तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. आदल्या रात्री मी त्याच्या हातातून स्ट्रायकर काढून घेतला आणि कपाटात रेशनकार्डाशेजारी कुलपात ठेवला. तो एक शब्द बोलला नाही. सामन्याला गेला नाही आणि पुन्हा बोर्डाला त्याने हातही लावला नाही. पुढे त्याला मार्क उत्तम मिळाले. स्ट्रायकर मात्र परत द्यायचा राहून गेला. आज तो कॅनडात असतो. दर रविवारी फोन येतो. प्रकृती, पाऊस, औषधे एवढे झाले की आमचे बोलणे संपते.

त्या रविवारी मी हरल्याची हकीकत सांगितली. "दहा!" ऐकून तो पोट धरून हसला. मग विचारले, "स्ट्रायकर कुठला होता, बाबा?"

"तुझाच."

बराच वेळ फोनवर काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "तो वजनाला चांगला भरलेला आहे. जोर लावू नका, नुसता सोडा."

पुढच्या शनिवारी मी नुसता सोडला आणि एक बोर्ड जिंकला. सामना हरलोच, पण रविवारी आम्ही तासभर बोलत होतो. साखळी संपली तेव्हा मी तळाला होतो, आणि इतक्या आनंदाने तळाला बसलेला भिडू त्या मंडळाने बहुधा पाहिला नसेल.

या दिवाळीला तो येतो आहे. फराळ सौभाग्यवतींकडे, माझ्याकडे पावडरीचा डबा आणि बोर्ड पुसून ठेवणे. स्ट्रायकर त्याच्या हातात परत द्यायचा, हे नक्की. मात्र पुढच्या साखळीसाठी तो उसना मागावा लागेल, आणि या वेळी मी रीतसर विचारणार आहे.