शेजारच्या अव्वा

होटगीत नळाला पाणी येतं त्या सकाळी आमच्या गल्लीत मराठी, कानडी, दखनी अशा तिन्ही भाषांत भांडणं होतात. त्यात शेजारच्या अव्वांचा आवाज सगळ्यांच्या वर. माझी घागर बाजूला सारून आपली लावायची आणि वर माझ्या माहेराचा उद्धार करायचा, हे नेहमीचंच. अलीकडे मी सोलापूरला चर्चमध्ये जायला लागले आहे. बायकांच्या बायबल अभ्यासात पाळकीणबाई म्हणाल्या, "ज्याचं तोंड बघू नये वाटतं असं एक माणूस मनात धरा आणि त्याच्यावर प्रीती करा." मी अव्वांना धरलं. पण प्रीती करायची म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, तेच कळेना.

आधी मध्यस्थीची प्रार्थना करायची, असं समजलं. म्हणजे दुसऱ्याच्या वतीने आपण देवाशी बोलायचं. डोळे मिटले की मला अव्वा दिसायच्या, आणि त्यांच्या हातात माझी बाजूला सारलेली घागर. माया काही दाटून येईना. पाळकीणबाईंना तसं सांगितलं, तर त्यांनी रोमकरांस पत्राचा 12 वा अध्याय काढून दिला. वैरी उपाशी असला तर त्याला खाऊ घालावं, तहानलेला असला तर पाणी द्यावं, असं पौल तिथे सांगतो. मनात आधी काय वाटलं पाहिजे, याची अटच नाही. मला फार हायसं वाटलं. स्वयंपाक तर मला येत होता.

सोलापूरकडची रीत म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन गेले. अव्वांनी फडकं उचलून पाहिलं, "ब्याड" म्हणाल्या आणि ताट माझ्याकडे सरकवलं. कानडीत नको म्हणायला एवढा एक शब्द पुरतो. मी वळणार, तेवढ्यात चुलीशेजारी त्यांची वाटी दिसली. भाकरीचे बारीक तुकडे दुधात भिजत घातले होते. त्यांना दाढा नाहीत. इतकी वर्षं त्यांचं ओरडणं ऐकत आले, पण त्यांच्या तोंडाकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

पुढच्या वेळी ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, वर ताक घालून नेल्या. पातेलं रिकामं परत आलं. "मीठ कमी होतं," एवढंच अव्वा बोलल्या. आभार बिभार नाहीत.

मन खट्टू झालं होतं, त्या दिवसांत पंडिता रमाबाईंबद्दल वाचलं. आमच्या होटगी जंक्शनवरून पुण्याकडे निघालं की दौंडच्या पुढे केडगाव लागतं, तिथे त्यांचं मुक्ती मिशन आहे. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकलेल्या बायकांसाठी एक आश्रम होता. तिथल्या जोगिणी त्या बायकांची सेवा करतात हे त्यांनी पाहिलं. असं का करता, असं विचारल्यावर त्यांना येशू आणि लोकांनी दूर ठेवलेल्या शोमरोनी बाईची भेट बायबलमधून वाचून दाखवली गेली. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे केडगावला अशाच बायकांसाठी कृपासदन काढलं. मला यातलं भिडलं ते एवढंच की या कामाला आधी कुणाच्या चांगुलपणाची खात्री लागत नाही.

पण घागरीचं काय? रोज ढकलून घ्यायची? प्रीती म्हणजे मुकाट सोसणं, असंच मी धरून चालले होते. पाळकीणबाईंनी मत्तयाचा 18 वा अध्याय उघडला. कुणी आपला अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जाऊन दोघांतच बोलावं, असं येशूने सांगितलंय. म्हणजे बोलायचं, पण नळावर चारचौघींत नाही.

दुपारी गेले. अव्वा सुपात तूर निवडत होत्या. मी म्हटलं, "अव्वा, माझी घागर सारता ते मला लागतं." त्यांनी मान वर केली नाही. एक खडा काढला, मग दुसरा. मग म्हणाल्या, "मला सलग दोन खेपा होत नाहीत. मध्येच बसावं लागतं. तोवर पाणी जातं. मग कोण देतंय?" गुडघ्यावर हात ठेवूनच त्या बोलत होत्या. कितीतरी वेळ मला काही बोलता आलं नाही.

आता त्यांची घागर मी आधी भरते आणि दारात नेऊन ठेवते. घागर सारणं थांबलं. माझ्या माहेराचा उद्धार थांबलेला नाही, आणि अजून काही सकाळी माझं डोकं तापतं. प्रार्थनेत त्यांचं नाव मात्र आता अडखळत नाही.

तुमच्या गल्लीत असं माणूस असेल तर माया वाटेपर्यंत थांबू नका. दुपारच्या वेळी एकट्याने जा, आपलं म्हणणं सांगा आणि मग त्याचं बोलून होईपर्यंत उठू नका.