बाभुळगावच्या शिवारात : उपग्रह, नकाशा आणि होकायंत्र

यवतमाळहून धामणगावकडे जाताना बाभुळगाव लागते. पर्यटक या तालुक्याच्या गावी क्वचितच थांबतात. तथापि वाट शोधण्याची विद्या ज्यांना शिकावयाची आहे, त्यांनी येथील शिवार अवश्य पायाखाली घालावे. सर्वत्र काळी जमीन आणि एकसारख्या दिसणाऱ्या पांदणी. तूर डोक्यावर गेली की खुणेचे झाडही दिसेनासे होते.

हातात मावणारा जीपीएस संच किमान चार उपग्रहांचे संकेत घेतो आणि मोकळ्या आकाशाखाली ५ ते १० मीटरांच्या अंतराने आपले स्थान सांगतो. मात्र इच्छित स्थळाकडे तो सरळ रेषा दाखवितो. वाटेत काय आहे, हे त्या रेषेस ठाऊक नसते. खडक सावंगा येथे बेंबळा नदीवर धरण झाले. आता अशी रेषा जलाशयावरून जाऊ शकते. माणसाला मात्र काठाने वळसा घ्यावा लागतो. धरणापूर्वीच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात त्याच जागी शेते आणि गाडीवाटा आढळतात.

नकाशा व यंत्र यांच्यात आणखी एक तफावत आहे. १८०२ साली मद्रासहून भूमापनास आरंभ करणारे विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे निवर्तले. ते गाव बाभुळगावच्या पूर्वेस सुमारे ७० किलोमीटरवर आहे. त्यांचे काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली पृथ्वीच्या आकाराचे जे गणित मांडले, त्यावर आपले जुने नकाशे आधारलेले आहेत. जीपीएसचे गणित वेगळे, 'डब्ल्यूजीएस-८४' नावाचे. संचात योग्य मापन-आधार निवडला नाही, तर जुन्या नकाशावर आपले स्थान शंभराहून अधिक मीटर सरकते. एवढ्या अंतरात ओढ्याचा अलीकडचा काठ पलीकडचा ठरतो.

साध्या संचास उभ्या जागी दिशा कळत नाही. चार पावले चालल्यावरच ती उमगते. होकायंत्र मात्र स्थिर उभे राहूनच वाचावे. चुंबकीय आणि खरी उत्तर यांतील अंतर या भागात एका अंशाच्या आत असल्याने किलोमीटरमागे चूक १७ मीटरांहून कमीच राहते. केवळ बैलगाडीच्या लोखंडी धावेपासून व विजेच्या तारांपासून दूर उभे राहावे.

रोकड आणि खतावणी जुळल्याविना बँकेचा दिवस मिटत नसे. तसाच ताळमेळ येथेही घालावा. तो जुळला नाही, तर पुढे न जाता कोणास विचारावे. धरणात गाव गेलेला एखादा वृद्ध भेटल्यास जुना नकाशा त्यांच्यापुढे उलगडावा. कोणती वाट कोठे पाण्याखाली गेली, हे ते बोट ठेवून सांगतील.